चढवलेला आवाज

माझ्या बाबांचं निम्मं आयुष्य टाकीच्या आत गेलं. असं म्हटलं की लोकांना वाटतं, बाई काहीतरी गूढ बोलतेय. गूढबिढ काही नाही. ते पोलादी टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते, आणि टाकी जोडताना एक माणूस बाहेर लागतो, एक आत. बाहेरचा घणाने ठोकतो. आतला पत्र्याला जड लोखंडी ठोकळा टेकवून धरतो, म्हणजे ठोका फुकट जात नाही. बाबा बुटके, त्यामुळे झाकणाच्या भोकातून आत उतरणं त्यांच्या वाट्याला आलं. बाहेर उभा राहायचा तो त्यांचा जोडीदार, लंबूकाका. हा माणूस ताडमाड. दारातून जाताना आपोआप मान खाली घालायचा. कारखान्यात या दोघांना 'आतला' आणि 'बाहेरचा' एवढंच म्हणत. हजेरी घेताना मुकादमसुद्धा "आतला आला का रे?" असंच विचारायचा.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तरंगांचा धडा मला आवडतो, कारण त्याला साहित्य काही लागत नाही. एक लांब दोरी वर्गाच्या खिडकीच्या गजाला बांधायची, दुसरं टोक हातात धरायचं आणि झटका द्यायचा. दोरीत एक उंचवटा उठतो, पळत खिडकीपर्यंत जातो, गजावर आपटतो आणि उलटा होऊन परत येतो. मुली टाळ्या वाजवतात. मग मी विचारते, काय गेलं खिडकीपर्यंत? दरवर्षी उत्तर येतं, दोरी. अगं, दोरी कुठे गेली? ती आहे तिथेच आहे, माझ्या हातात. गेला तो फक्त झटका. तरंग म्हणजे एवढंच. वस्तू जागेवर राहते आणि तिला बसलेला धक्का प्रवासाला निघतो.

इथवर मुली येतात. पुढे गाडी अडते. हात किती उंच झटकला हा एक प्रश्न, आणि किती भराभर झटकला हा दुसरा. उंचीला आयाम म्हणतात. आवाजाचा आयाम मोठा म्हणजे आवाज मोठा. भराभरपणाला वारंवारता म्हणतात. ती जास्त म्हणजे सूर उंच, बारीक, शिट्टीसारखा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. उंच सूर लहान आवाजातही निघू शकतो आणि जाडाभरडा सूर भिंती हलवू शकतो. हे डोक्यात शिरत नाही आणि त्याला कारण आपली भाषा. गाणारीने वरचा सूर लावला की आपण म्हणतो, आवाज चढवला. सासऱ्याने जेवताना भांडण काढलं की तेही म्हणतो, आवाज चढवला. एकाच शब्दाला दोन कामांना जुंपलंय. मी एखाद्या मुलीला उठवून सांगते, "उंच आवाज काढ," आणि ती बया छप्पर उडेल अशी किंचाळते. मी चिडते. दरवर्षी चिडते, आणि त्यात त्या पोरींचा काडीइतका दोष नसतो.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढे जे झालं ते याच गोंधळातून झालं, आणि त्यात माणूस मेला.

टाकीच्या आतल्या आवाजाची कल्पना बाहेरच्याला येत नाही. उघड्यावर घणाचा ठोका वाजतो आणि चहूकडे पांगतो. टाकीत त्याला पांगायला जागाच नसते. तो समोरच्या पत्र्यावर आदळतो, परत फिरतो, पाठीमागच्या पत्र्यावर आदळतो, पुन्हा फिरतो. तोवर बाहेरून पुढचा ठोका आलेला असतो, आणि जुने परतणारे नि नवे येणारे एकमेकांवर चढतात. बाहेरचा माणूस एक ठोका मारतो तेव्हा आतल्याला तो अनेकदा बसतो. कारखान्याने कानात घालायला कापसाचे बोळे दिले होते. बाबा ते खिशात ठेवायचे. कानात बोळे घातले तर लंबूची हाक कशी ऐकू येणार, असं त्यांचं म्हणणं. आईने एकदा असे पाच-सहा बोळे धुवायच्या पँटमध्ये सापडले म्हणून भिंतीला डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

बाबा बहिरे झाले असते तर आमच्या लक्षात आलं असतं. पण ते बहिरे नव्हते. कोपऱ्यावर ट्रक वळला की आमच्याआधी त्यांना कळायचं. शेजारच्या घरात कुणी खुर्ची सरकवली तरी त्यांचे कान टवकारायचे. फक्त बोलण्यात काहीतरी घोटाळा व्हायचा. आई म्हणाली, "खात्री आहे का तुमची?" की हे उठून शिवणाच्या डब्यातली कात्री आणून द्यायचे. एकदा मी म्हटलं, शेजाऱ्यांच्या बाळाला ताप आलाय. बाबा "कुठाय, कुठाय?" करत काठी घेऊन बाहेर पडले. त्यांना साप ऐकू आला होता. शेजारीण दार उघडते तो दारात हे काठी उगारून उभे. त्या दिवशी आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. बाबाही हसले. मग म्हणाले, "तुम्ही सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता. पूर्वी माणसं स्पष्ट बोलायची."

आई मग आवाज चढवायची. आणि बाबा कळवळून म्हणायचे, "ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला!" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आवाज ऐकू येत होता, शब्द ऐकू येत नव्हते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं की नव्हतं यावर मी बराच खल केला, आणि तो सोडून दिला. घरातल्या माणसाकडे कोण धड्यासारखं बघतं?

गुडघे गेले तसं बाबांना टाकीत उतरणं जमेना. मग त्यांना कप्पीवर उभं केलं. तुळईला टांगलेली साखळीची कप्पी, तिच्या आकड्याला टाकीचं कवच लटकवलेलं. हातातल्या साखळीची एक बाजू खेचली की ओझं वर, दुसरी खेचली की खाली. लंबूकाका ओझ्यापाशी उभे राहून सांगणार आणि बाबा साखळी खेचणार. आता 'वर' आणि 'खाली' असे दोन सुटसुटीत शब्द जगात आहेत. पण फार पूर्वी त्या कारखान्यात साखळी नव्हती, नुसता दोर होता. तो ओढला की ओझं वर जायचं आणि सोडला की खाली. दोर गेला, कप्पी आली, शब्द मात्र तेच राहिले. वर घ्यायचं तर 'ओढ'. खाली घ्यायचं तर 'सोड'. शेवटच्या ड-ढ मधला फरक घाईत कुणी उच्चारत नाही. या दोन उलट्या हुकमांमध्ये उरतो तो फक्त एक 'स'.

बाबांचं काम चांगलं चाललं होतं, कारण लंबूकाका समोर असायचे. तोंड दिसत होतं. आपण तोंडाकडे बघून ऐकतोय हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. अधूनमधून चुका व्हायच्या आणि काका वैतागायचे. शेवटच्या आठवड्यात तर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला सांगावं एक आणि तू करणार भलतंच! मुद्दाम करतोस का रे?" बाबांनी डबा बंद केला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा शेजारी बसून जेवले. पण तो 'मुद्दाम' शब्द बऱ्याच कानांनी टिपून ठेवला होता.

त्या दिवशी टाकीचं मोठं कवच उचलताना त्याची कड खालच्या चौकटीत अडकली. काय अडकलंय ते बघायला लंबूकाका कवचाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला गेले. तिथून त्यांना कड दिसली आणि ते ओरडले, "सोड!" बाबांनी साखळी वर खेचली. कवच ताणलं गेलं, चौकट करकरली. काका जिवाच्या आकांताने ओरडले, "सोड! सोड!" बाबांनी आणखी जोर लावला. कड एकदम सुटली, कवच झोक्यासारखं भिंतीकडे गेलं आणि काका मध्ये सापडले. दवाखान्यात नेण्याचीसुद्धा वेळ आली नाही.

चौकशी झाली. कारखान्यातल्या प्रत्येकाने सांगितलं, आम्ही 'सोड' ऐकलं. पार दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराने ऐकलं. एकटे बाबा म्हणत राहिले, "तो 'ओढ' म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलं. तीन वेळा म्हणाला." साहेबांनी त्यांच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. बाबांनी वळून बघितलं. झालं, कान ठणठणीत असल्याचा शेरा पडला. मग कुणीतरी जेवणाच्या सुट्टीतलं भांडण काढलं. मुद्दाम केलं असं तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण बाबांना कामावरून काढलं, आणि त्यानंतर ज्यांच्याबरोबर जन्म काढला ती माणसं रस्त्यात बाबा दिसले की पलीकडच्या बाजूला जायला लागली. आमच्या घराची पायरी कुणी चढेना. आईने सुरुवातीला बरंच तोंड वाजवलं, मग तीही दमली. मला त्या लोकांचा राग येतो, अजूनही येतो. माणूस चुकला असेल हे त्यांना पटलं असतं. तो चूक कबूल करत नव्हता हे त्यांना सहन झालं नाही.

एकच बाई बाबांच्या बाजूने उभी राहिली. लंबूकाकांची बायको. चौकशीत ती साहेबांसमोर म्हणाली, "हा माणूस खोटं बोलणार नाही. आमचेच घाईत उलटसुलट बोलले असतील. घरीसुद्धा डावं म्हणायचं तर उजवं म्हणायचे." स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याच्या माथी चूक मारून तिने बाबांची मान वर ठेवली. काकू लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून घर चालवायची. बाबा दर रविवारी तिच्याकडे जायला लागले. नळ गळत असेल तर बघायचे, गुडघे दुखत असले तरी कपड्यांचे जड गठ्ठे जिन्यावरून चढवून द्यायचे, इस्त्रीची वायर बदलायचे. काकू चहा करायची. दोघं फारसं बोलत नसत. जगात अजून एका ठिकाणी आपल्याला माणूस म्हणून आत घेतात, एवढ्यासाठी ते जायचे असं मला वाटतं. बाकी सगळा आठवडा ते गॅलरीत बसून असायचे.

असंच वर्ष गेलं असेल. एका सुट्टीच्या सकाळी बाबा टेबलाशी मटार सोलत बसले होते, आई कणीक मळत होती, आणि मी दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची तयारी करत होते. मोबाइलवर सूर वाजवणारं एक अ‍ॅप उतरवून घेतलं होतं. पट्टी सरकवली की सूर जाडाचा बारीक होत जातो. मी अगदी खालून सुरुवात केली. भोंग्यासारखा घुमणारा सूर निघाला. बाबा म्हणाले, "हे काय रेकायला लागलं?" मी पट्टी वर नेत गेले. सूर बारीक झाला, शिट्टी झाला, मग सुईसारखा टोचायला लागला.

"बंद कर गं ती शिट्टी," आई कणकेच्या हातांनी कान झाकत म्हणाली. "डोक्यात जातेय."

बाबा मटार सोलत होते.

मी आवाज पूर्ण मोठा केला. आई ओरडली. मोबाइल बाबांच्या कोपराशी होता. त्यांनी एक शेंग उघडली, दाणे अंगठ्याने वाटीत पाडले, साल बाजूला ठेवलं आणि दुसरी शेंग घेतली. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही.

मी हा धडा किती वर्षं शिकवतेय! 'अ', 'ओ', 'आ' हे स्वर घशातून येतात. जाड आणि जोरकस. 'स' घशातून येतच नाही. तो दातांमधून निसटणारा वारा, खूप उंच वारंवारतेचा आणि मुळात दुबळा. कानाच्या आत सूर टिपणारे बारीक केस असतात, प्रत्येक सुराची जागा ठरलेली. उंच सुरांचे केस अगदी दाराशी, म्हणून गोंगाटाचा मार आधी त्यांना बसतो. एकदा झडले की पुन्हा उगवत नाहीत. आणि माणूस ओरडतो तेव्हा काय मोठं होतं? स्वर मोठा होतो. 'स' ओरडता येत नाही. करून बघा.

मी उठून बाबांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. पुढचं करू नये असं वाटत होतं, तरी केलं. मोठ्याने म्हटलं, "सोड."

"काय ओढू?" बाबा म्हणाले. शेंग हातातच होती.

"ओढ."

"अगं हो, ऐकलं. काय ओढू?"

आईचे हात परातीत थांबले. ती माझ्याकडे बघत मान हलवत होती, नको, नको. मला अजूनही सांगता येत नाही मी तिचं का ऐकलं नाही. किंवा ऐकलं असतंही, पण बाबांना आमची शांतता ऐकू आली. ते वळले आणि आम्हा दोघींची तोंडं बघितली.

"पहिल्यांदा काय म्हणालीस?"

मी समोर येऊन म्हटलं. दात एकत्र आले, ओठ गोल झाले. त्यांनी ते नीट पाहिलं.

"पुन्हा म्हण. मागे जाऊन."

मी मागे गेले आणि म्हटलं. मग पुन्हा पुढे आले. पुन्हा मागे. ते मला कामावरच्या माणसासारखे सांगत होते आणि मी करत होते. शेवटी त्यांनी मटारची वाटी हळूच बाजूला सारली.

"तो पलीकडे होता," ते म्हणाले. "तोंड दिसत नव्हतं त्याचं."

मग उठून गॅलरीत जाऊन बसले. आई मात्र मला स्वयंपाकघरात कोपऱ्यात घेऊन फाडफाड बोलली. "झालं समाधान? मेलेला माणूस परत येणार आहे का तुझ्या त्या शिट्टीने? जगाने खोटं ठरवलं तरी हा माणूस तगून होता, कारण त्याला वाटत होतं की चूक आपली नाही. तेवढाच तर आधार होता. तोही काढून घेतलास." मी म्हटलं, आई, आता सिद्ध करता येईल की बाबा खोटं बोलले नाहीत. त्यांना खरोखरच 'ओढ' ऐकू आलं. ती म्हणाली, "आणि त्याने सिद्ध काय होतं? माणूस यांच्याच हातून गेला, हेच ना?" तिचं म्हणणं खरं होतं. एकाच गोष्टीने बाबा खरे ठरत होते आणि गुन्हेगारही.

मी हट्टाने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत बसवून सूर ऐकवले. कागदावर जी रेघ निघाली ती आधी सरळ चालली होती आणि मध्येच कड्यावरून पडावी तशी खाली गेली. डॉक्टर म्हणाले, हे काही एका दिवसाचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. कारखान्याला दाखवलं तर त्यांना मानावंच लागेल. माझ्या डोक्यात लगेच चक्रं फिरायला लागली. साहेबाच्या टेबलावर तो कागद कसा आपटायचा, रखवालदारापासून मुकादमापर्यंत एकेकाला कसं तोंडावर पाडायचं. बाहेर रस्त्यावर आल्यावर मी तेच बोलत होते. बाबा थांबले.

"कारखान्याचं नंतर बघ," ते म्हणाले. "आधी वहिनीला सांगायचं."

"काकूला? तिला कशाला? ती तर आधीच तुमच्या बाजूने आहे."

"म्हणूनच."

मी खूप समजावलं. म्हटलं, ती बाई कशीबशी सावरलीय. म्हटलं, तिथलं दारसुद्धा बंद होईल. शेवटी रडकुंडीला आले. बाबांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्षभर ती त्याला बोल लावतेय. माझ्यामुळे. तो तर बरोबर बोलला होता."

रविवारी मीही बरोबर गेले. काकूची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. बाबा नेहमीप्रमाणे खालचा गठ्ठा उचलून वर घेऊन आले. खोलीत इस्त्रीचं टेबल, दोरीवर टांगलेले शर्ट, गरम कापडाचा वास. कोपऱ्यात लंबूकाकांचा फोटो. फोटोतही त्यांचं डोकं वरच्या चौकटीला टेकलं होतं. मला बघून काकू खुश झाली. "आज लेकपण आली! बस, चहा टाकते."

"वहिनी, चहा नको," बाबा म्हणाले. "बसा जरा."

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि त्यांना ते धड सांगता येईना. टाकी, ठोके, कान, शिट्टी, मटार, सगळ्याचा काला झाला. काकू गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मग मी सांगितलं. वर्गात सांगते तसं नाही; सोप्यात सोपं आणि थोडक्यात. काका बोलले ते नीट बोलले. शब्द त्यांच्या तोंडातून नीट निघाला, हवेतून नीट आला. बाबांच्या कानात त्यातला 'स' मेला. काका जितक्या जोराने ओरडले तितकं बाबांना 'ओढ' स्पष्ट ऐकू आलं.

काकूने टेबलाचा कोपरा धरला.

"म्हणजे ते 'सोड'च म्हणाले होते?"

"हो," मी म्हटलं.

"तिन्ही वेळा?"

"हो, काकू."

ती स्टुलावर बसली. तिने फोटोकडे वळून बघितलं. मग तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. "रोज शिव्या घातल्या मी त्यांना," ती म्हणत होती. "रोज सकाळी इस्त्री तापवताना. म्हटलं, जन्मभर उलटं बोललात, मरतानासुद्धा उलटंच बोललात! स्वतःच्या जिभेने गेलात! आणि ते बिचारे नीट सांगत होते. कळवळून सांगत होते."

बाबा तिच्यासमोर उभे होते. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. जन्मभर ठोकळा धरलेले ते हात, आता त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मला ते बघवेना.

काकूने डोळे पुसले. उठून बाबांच्या पुढ्यात आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. एखादं ओझं खाली ठेवल्यावर माणूस दिसतो तशी ती दिसत होती, आणि त्या ओझ्याबरोबर तिने आणखीही काहीतरी खाली ठेवलं होतं.

"भाऊजी, सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. बाबांच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आता मात्र येत जाऊ नका. मला नाही सहन व्हायचं."

त्या तपासणीपासून प्रत्येक वाक्यानंतर बाबा माझ्याकडे वळून विचारायचे, काय म्हणाली? या वेळी वळले नाहीत. मान हलवली. दारापाशी ठेवलेला कपड्यांचा गठ्ठा वाटेत येत होता, तो उचलून टेबलाखाली नीट सरकवला. इस्त्रीची वायर पायात येईल म्हणून भिंतीकडेने लावली. मग चपला घातल्या.

कुणाच्याही घरून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. तोंडात बसलेला शब्द. बाबांच्याही तोंडातून 'ये' एवढं बाहेर पडलं. ते तिथेच थांबले.

"जातो, वहिनी," ते म्हणाले.

असं म्हटल्यावर घरची बाई लगेच टोकते, असं म्हणू नये, येतो म्हणावं. मी उंबऱ्यात उभी राहून तिच्या टोकण्याची वाट बघितली. काकूने दोरीवरचा शर्ट ओढून टेबलावर पसरला आणि कॉलरवर पाणी शिंपडायला लागली.